सर्कसवाले विष्णुपंत आणि भूगंधर्व

(पाठपरिचय : विष्णुपंत छत्रे हे पहिल्या भारतीय सर्कशीचे संस्थापक. रहिमतखाँ हे ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक. एकाला साऱ्या देशात नाव मिळवायचे होते, तर दुसऱ्याला स्वतःच्या नावाचीही पर्वा उरली नव्हती. अशा दोन माणसांच्या मैत्रीची हकिकत या पाठात सांगितली आहे.)



धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाच्या जुन्या मंदिरासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेले असेल, तर मंदिराच्या परिसरातली माकडे त्याने नक्की पाहिली असतील. येणारे-जाणारे त्यांना खाऊ घालतात. या माकडांना कोणी खेळ शिकवलेले नाहीत. ती कोणाचे काही काम करत नाहीत. तरीही गाव त्यांना आपले मानते.

पूर्वी माकडे पाहण्याची आणखी एक जागा होती. ती म्हणजे सर्कस. तिथली माकडे सायकल चालवत, टोपी घालून सलाम करत. आता तसे खेळ होत नाहीत. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यास भारत सरकारने १९९८ साली बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती बंदी कायम केली.

सर्कशीचा धंदा मोठा कठीण. तिथे फुकट कोणाला पोसत नाहीत. घोडा असो, हत्ती असो की माणूस असो, प्रत्येकाने आपला खेळ करून दाखवायचा. तंबू, दोर, चारा, गाड्या आणि पगार या सगळ्यांचा खर्च तिकिटांच्या पैशांतून भागवायचा. ज्याला एकही कसरत येत नाही, अशा माणसाला कोणता सर्कसमालक गावोगाव बरोबर घेऊन फिरेल?

पण महाराष्ट्रात असा एक सर्कसमालक होऊन गेला. त्याचीच ही गोष्ट.

घोडा आणि गाणे

सांगली जिल्ह्यात कृष्णा नदीच्या काठी अंकलखोप नावाचे गाव आहे. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म याच गावचा. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचा नाद होता. एक घोडा आणि दुसरे गाणे. हे दोन्ही नाद त्या काळच्या घरांत फारसे चांगले समजले जात नसत. मुलाने शिकावे, नोकरी धरावी आणि घर चालवावे, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे. विष्णुपंतांचे मन मात्र दुसरीकडेच होते. आपले हुनर असे असावे की साऱ्या मुलखाने पाहत राहावे, असे त्यांना वाटत होते.

घोड्याची विद्या शिकण्यासाठी विष्णुपंत दूर उत्तरेत ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेरला तेव्हा शिंदे सरकारचे राज्य होते. दरबार मराठी माणसांचा, त्यामुळे महाराष्ट्रातली अनेक माणसे तिथे जात. शिंद्यांच्या दरबारात जसे उत्तम घोडे होते, तसे उत्तम गवईही होते. त्या गवयांत उस्ताद हद्दूखाँ यांचे नाव फार मोठे होते. हद्दूखाँ आणि त्यांचे बंधू हस्सूखाँ यांनी ख्यालगायकीला असे रूप दिले की तिला पुढे 'ग्वाल्हेर घराणे' हे नाव मिळाले.

'घराणे' या शब्दाचा इथे अर्थ काय? गाण्याचे घराणे म्हणजे केवळ रक्ताचे नाते नव्हे. एकच गायकी पिढ्यान्‌पिढ्या शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे ते कुटुंब असते. त्यात उस्तादाची मुले असतात, तसेच परक्या घरचे शागीर्दही असतात. हद्दूखाँसाहेबांनी मराठी मुलांना आपल्या घराण्यात मोकळ्या मनाने घेतले. पुढे याच परंपरेतून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ग्वाल्हेरच्या एका मुसलमान उस्तादाच्या घरी लावलेला दिवा असा कोल्हापूर-सांगलीपासून लाहोरपर्यंत उजेड देत गेला.

विष्णुपंत हेही हद्दूखाँसाहेबांचे शागीर्द झाले. एकीकडे घोड्याची तालीम, दुसरीकडे गळ्याची तालीम, असा त्यांचा दिनक्रम झाला. 'तालीम' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र पहिलवान जिथे मेहनत करतात त्या जागेलाही तालीम म्हणतात, नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतात आणि गवई जे शिकवतो तीही तालीमच. विष्णुपंतांच्या आयुष्यात हे अर्थ एकत्र आले होते.

हद्दूखाँसाहेबांचे एक चिरंजीव होते रहिमतखाँ. त्यांना गाणे शिकायला कुठे जावे लागले नाही, ते त्यांच्या घरातच होते. वडिलांची गायकी त्यांनी जन्मापासून ऐकली आणि ती त्यांच्या गळ्यात उतरली. विष्णुपंत आणि रहिमतखाँ यांची ओळख ही अशी उस्तादांच्या घरातली ओळख होती. त्या वेळी दोघांपैकी कोणाला कळले असेल, की पुढे एकाला दुसऱ्याचा आधार व्हावे लागणार आहे?

एक आव्हान

ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंतांना कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा आश्रय मिळाला. कुरुंदवाड हे आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव त्या काळी पटवर्धन घराण्याच्या छोट्या संस्थानाची राजधानी होते. विष्णुपंत तिथे घोड्यांचे काम पाहू लागले.

१८७९ च्या सुमारास मुंबईत एक इटालियन सर्कस आली. तिचा मालक होता किआरिनी. युरोपात सर्कशीचा खेळ शंभर वर्षांपासून चालू होता. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या घोडेस्वाराने गोल रिंगणात घोड्यांचे खेळ सुरू केले, तिथपासून आजच्या सर्कशीचा इतिहास मोजतात. सर्कशीचे रिंगण गोल का असते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? घोडा गोल फिरत धावू लागला, की त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तोल सांभाळणे सोपे जाते. रिंगणाचा व्यास ४२ फूट ठेवला, की हे चांगले साधते असे अनुभवाने कळले. आजही जगातल्या बहुतेक सर्कशींत रिंगण एवढेच असते. म्हणजे सर्कस मुळात घोड्याची. वाघ-सिंह नंतर आले.

तेव्हा घोडेस्वार विष्णुपंतांना हा खेळ पाहून काय वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. सर्कशीच्या इतिहासात अशी हकिकत सांगतात, की हिंदुस्थानात अशी सर्कस अजून नाही आणि ती लवकर उभी राहणेही शक्य नाही, असे किआरिनीने जाहीरपणे म्हटले. विष्णुपंतांना ते बोलणे झोंबले. त्यांनी ते आव्हान स्वीकारले. कुरुंदवाडच्या राजेसाहेबांनी पाठबळ दिले. आणि २० मार्च १८८० रोजी निवडक पाहुण्यांसमोर 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. हीच पहिली भारतीय सर्कस.

त्यानंतर विष्णुपंत थांबले नाहीत. त्यांची सर्कस उत्तर हिंदुस्थानात फिरली, दक्षिणेत गेली, समुद्र ओलांडून श्रीलंकेतही गेली. केरळातील तेल्लिचेरी या गावी त्यांची भेट कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांशी झाली. आमच्या सर्कशीसाठी कसरतपटू तयार करा, असे विष्णुपंतांनी त्यांना सुचवले. कुन्हिकण्णन यांनी पुढे १९०१ साली सर्कशीची शाळा काढली. तिथून शिकून तयार झालेल्या कलावंतांनी देशभर सर्कशी उभ्या केल्या. ज्या माणसाच्या हाताखाली घोडे, हत्ती, कसरतपटू, गडी, वाजंत्रीवाले असा मोठा लवाजमा होता, ज्याला रोज नवे गाव गाठायचे होते, त्याला मागे वळून पाहायला वेळ कुठून असणार?

काशीच्या रस्त्यावर

इकडे विष्णुपंतांचे नाव वाढत होते आणि तिकडे रहिमतखाँचे आयुष्य विसकटत होते. १८७५ साली हद्दूखाँ अल्लाघरी गेले. रहिमतखाँचे भाऊ महंमदखाँ हेही मोठे गवई होते, तेही गेले. ज्यांच्यामागे बसून गायचे, ती माणसे एकामागून एक निघून गेली. रहिमतखाँच्या मनाचा तोल ढळला. त्यांना अफूचे व्यसन लागले. ग्वाल्हेर सुटले. भटकत भटकत ते काशीला, म्हणजे बनारसला पोहोचले.

त्या काळी मनाच्या आजाराला औषध नव्हते. इंग्रज सरकारने १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला होता, पण तिथे माणसाला कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही होत नसे. बाकीचे असेच रस्त्यावर हिंडत. कोणी दया आली तर भाकरी देई, कोणी दगड मारी. काशीत तर रोज हजारो यात्रेकरू, बैरागी आणि भिकारी येत. त्या गर्दीत फाटक्या कपड्यांतला, स्वतःशीच बोलणारा एक माणूस कोणाच्या लक्षात राहणार? हा ग्वाल्हेरच्या दरबारी गवयाचा मुलगा आहे, याच्या गळ्यात साऱ्या हिंदुस्थानात दुर्मिळ अशी गायकी आहे, हे कोणाला सांगून खरे वाटले नसते.

विष्णुपंतांची सर्कस काशीला आली होती. तिथे त्यांना रहिमतखाँ दिसले आणि त्यांनी त्यांना ओळखले.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. ओळखणे ही वरवर पाहता लहानशी गोष्ट आहे. पण रस्त्यावरच्या वेड्या माणसाकडे आपण कसे पाहतो, ते आठवा. आपण पाहतच नाही. मान वळवतो आणि पुढे जातो. विष्णुपंतांनाही तसे करता आले असते. त्यांच्यामागे कामे होती. त्यांची प्रतिष्ठा होती. बरे, ओळख पटल्यावर चार रुपये हातावर ठेवून निघून जाता आले असते. कोणी त्यांना दोष दिला नसता. उलट केवढे दानशूर, असेच लोक म्हणाले असते.

त्यांनी तसे केले नाही. त्यांनी रहिमतखाँना आपल्याबरोबर घेतले. एका दिवसासाठी नव्हे, जन्मभरासाठी.

सर्कशीतले खाँसाहेब

आता सर्कशीच्या लवाजम्यात एक असा माणूस आला, ज्याला घोड्यावर उभे राहता येत नव्हते, दोरावर चालता येत नव्हते आणि जगाचे व्यवहारही कळत नव्हते. खाँसाहेबांचे मन ठिकाणावर नसे. व्यसनही एकदम सुटणारे नव्हते. त्यांच्या खाण्यापिण्याकडे, कपड्यांकडे, अफूच्या वेळेकडे दुसऱ्या कोणाला तरी लक्ष द्यावे लागे. रोज मुक्काम हलवणाऱ्या सर्कशीत हे काम किती अवघड असेल, ते घरात आजारी माणूस असलेल्यांनाच कळेल.

पण एक नवल होते. खाँसाहेबांना बाकी सारे विसरायला होत असे, गाणे मात्र ते विसरले नव्हते. ते गायला लागले, की त्यांचा सूर जागच्या जागी लागे. वडिलांनी शिकवलेली बंदिश जशीच्या तशी बाहेर येई. त्यांची तान सरळ, स्वच्छ आणि इतकी सहज असे की ऐकणाऱ्याला ती अवघड आहे हे कळतही नसे. जगात हरवलेला हा माणूस रागात कधी हरवला नाही.

विष्णुपंत स्वतः गाणे शिकलेले होते, म्हणून त्यांना याची कदर होती. दुसऱ्या कोणाला जो वेडा फकीर दिसला असता, त्याच्यात विष्णुपंतांना आपल्या उस्तादांचा गळा ऐकू येत होता. त्यांनी खाँसाहेबांच्या मैफली करवल्या. गावोगावच्या रसिकांना त्यांचे गाणे ऐकवले. नेपाळच्या दरबारापर्यंत त्यांना नेले. काशीच्या रस्त्यावर ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, त्यांना आता लोक 'भूगंधर्व' म्हणू लागले. भूगंधर्व म्हणजे पृथ्वीवर उतरलेला गंधर्व, स्वर्गातला गवई.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. विष्णुपंतांनी खाँसाहेबांना सांभाळले ते त्यांच्या गाण्यासाठीच ना? मग त्यात मैत्री कसली? शंका योग्य आहे. मैफलींमुळे विष्णुपंतांचाही मान वाढला, हे खरे आहे. पण हिशेब नीट मांडून पाहा. ज्याचे मन ताळ्यावर नाही, अशा गवयावर कोणता व्यापारी भांडवल लावील? सर्कशीत आजारी घोडा सांभाळायचा की विकायचा, हे मालकाला रोज ठरवावे लागे. खाँसाहेबांच्या बाबतीत विष्णुपंतांनी हा प्रश्नच मनात आणला नाही. हद्दूखाँसाहेबांनी एका परगावच्या, परधर्माच्या मुलाला आपल्या घराण्यात घेतले होते. त्या मुलाने आता उस्तादांच्या मुलाला आपल्या घरात घेतले. घेतलेल्या विद्येची परतफेड पैशाने होत नसते. ती अशीच करायची असते.

आणि मैत्री तरी दुसरी काय असते? दोघे सारखेच हुशार, सारखेच यशस्वी असले म्हणजेच मैत्री होते असे नाही. विष्णुपंतांपाशी धडाडी होती, शिस्त होती, पैसा होता. खाँसाहेबांपाशी यातले काही नव्हते. पण ज्या गाण्यासाठी विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरला राहिले आणि धंद्याच्या धावपळीत जे मागे पडले, ते गाणे खाँसाहेबांपाशी होते. एकाने दुसऱ्याला छप्पर दिले. दुसऱ्याने पहिल्याला त्याचे तरुणपण परत दिले.

मैत्रीची खरी परीक्षा

१९०५ साली विष्णुपंतांचे निधन झाले. आता खाँसाहेबांचे काय होणार, हा प्रश्न होता. ज्याने शब्द दिला तो माणूसच राहिला नाही, तर शब्द कोणी पाळायचा?

तो विष्णुपंतांचे बंधू काशीनाथपंत यांनी पाळला. सर्कशीबरोबर खाँसाहेबांची जबाबदारीही त्यांनी आपली मानली. घरातली एखादी वडीलधारी व्यक्ती सांभाळावी, तसे त्यांनी खाँसाहेबांना अखेरपर्यंत सांभाळले. खाँसाहेबांचे शेवटचे दिवस कुरुंदवाडला गेले. हे तेच गाव, जिथे विष्णू दिगंबर पलुस्करांचा १८७२ साली जन्म झाला होता. याच गावातल्या काही मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसवण्याची प्रथा आहे, हेही तुम्ही लक्षात ठेवा. अशा गावात एक मुसलमान उस्ताद आणि एक ब्राह्मण कुटुंब वर्षानुवर्षे एकत्र राहिले, याचे आश्चर्य वाटायला नको.

खाँसाहेबांच्या आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवयाने एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. जो गवई एक राग तासभर गाई, त्याने तो तीन मिनिटांत कसा सांगावा? शिवाय खाँसाहेब उतारवयातले आणि मनाने थकलेले. तरी यमन, मालकंस अशा रागांतल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही जाणकार कान देऊन ऐकतात. भैरवीतली त्यांची ठुमरीही प्रसिद्ध आहे. आवाजात खरखर आहे, सूर मात्र अगदी स्वच्छ आहे.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखाँ मिरजेला राहत. मिरज कुरुंदवाडहून फार दूर नाही. रहिमतखाँच्या गाण्याने त्यांच्यावर मोठी मोहिनी घातली आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्याचे वळण बदलले, असे संगीताचे अभ्यासक सांगतात. म्हणजे काशीच्या रस्त्यावर संपून गेला असता तो सूर एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात पोहोचला. आज किराणा घराण्याचे गाणे तुम्ही रेडिओवर ऐकता, तेव्हा त्यात कुठेतरी रहिमतखाँही असतात.

१९२२ साली कुरुंदवाडला खाँसाहेबांचे निधन झाले. विष्णुपंत जाऊन तोवर सतरा वर्षे झाली होती. मैत्री माणसाच्या नंतरही सतरा वर्षे चालू राहिली.

आपण काय करावे?

मित्रांनो, आजचा काळ बदलला आहे. मनाचा आजार हा इतर आजारांसारखाच आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे आता आपल्याला माहीत आहे. २०१७ साली आपल्या देशात मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. मनाचा आजार असलेल्या माणसाला उपचार मिळण्याचा आणि सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क आहे, असे तो कायदा सांगतो. २०२२ सालापासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर कोणालाही मनाच्या त्रासाविषयी सल्ला विचारता येतो. विष्णुपंतांच्या काळी यांतले काहीच नव्हते. त्यांच्यापाशी एकच उपाय होता. आपल्या माणसाला एकटे सोडायचे नाही.

तो उपाय मात्र अजून जुना झालेला नाही. कायदा उपचार देईल, डॉक्टर औषध देईल. पण 'याला मी ओळखतो' असे म्हणणारा माणूस कायद्याने मिळत नाही. तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल, जो एकटाच बसतो, स्वतःशीच बोलतो, ज्याची बाकीचे टिंगल करतात. तुमच्या मोहल्ल्यात एखादा म्हातारा असेल, ज्याला सगळे 'पागल' म्हणून हाक मारतात. त्याच्या गळ्यात ग्वाल्हेरची गायकी असेलच असे नाही. ती असो वा नसो, एकदा थांबून त्याचे खरे नाव विचारा.

विष्णुपंतांनी उभारलेली सर्कस आज नाही. ते तंबू गेले, ते घोडे गेले, ते हत्तीही गेले. किआरिनीचे आव्हान त्यांनी जिंकले, याची नोंद इतिहासात आहे. पण त्यांनी सांभाळलेल्या माणसाचा सूर अजून ऐकू येतो. मोठे होण्याची हौस असावी, विष्णुपंतांना ती भरपूर होती. मात्र पुढे जाताना रस्त्याच्या कडेला कोण बसले आहे, तेही पाहत जावे.

शब्दार्थ

हुनर – कौशल्य
शागीर्द – शिष्य
ख्याल – रागदारी गाण्याचा एक प्रकार
बंदिश – रागात बांधलेले गीत
लवाजमा – बरोबरची माणसे, जनावरे आणि सामान
झोंबणे – मनाला लागणे
तोल ढळणे – समतोल बिघडणे
ताळ्यावर नसणे – भानावर नसणे
कदर – गुणांची जाण
कर्णा – आवाज गोळा करणारे तुतारीसारखे साधन
मोहिनी घालणे – मन आकर्षून घेणे

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विष्णुपंत ग्वाल्हेरला कशासाठी गेले?
(आ) पहिल्या भारतीय सर्कशीचा पहिला खेळ केव्हा झाला?
(इ) 'भूगंधर्व' या शब्दाचा अर्थ काय?
(ई) विष्णुपंतांच्या निधनानंतर खाँसाहेबांना कोणी सांभाळले?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सर्कशीचे रिंगण गोल का असते?
(आ) 'घराणे म्हणजे केवळ रक्ताचे नाते नव्हे', हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(इ) विष्णुपंतांनी खाँसाहेबांना केवळ गाण्यासाठी सांभाळले, असे तुम्हांला वाटते का? तुमचे मत कारणांसह लिहा.

३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे आहेत. त्यांचा मराठीत वाक्यात उपयोग करा. कोणत्या शब्दाचा अर्थ मराठीत थोडा बदलला आहे, ते शोधा.
उस्ताद, तालीम, मैफल, कदर, दरबार, आवाज

४. तुमच्या गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या वेगळ्या स्वभावाच्या माणसाविषयी दहा ओळी लिहा. लिहिण्यापूर्वी त्याच्याशी बोला.